कासवाच्या अर्जातला सुटलेला रकाना

मागच्या मे महिन्यात एका जुन्या मित्राच्या मुलाचा फोन आला. नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी, मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, वय एकोणतीस. "काका, बाहेरून एक कासव मागवायचंय. तुम्ही इम्पोर्टचं करता ना? पाहून घ्या ना काही होत असेल तर."

मी आयात-निर्यातीची कागदपत्रं करून देणारा माणूस. गोंदियाकडचा तांदूळ, कधी संत्री, कधी मशीनचे सुटे भाग. जिवंत मालाशी माझा संबंध जवळजवळ नाहीच. तरी म्हटलं, ये रविवारी. आला. मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मादागास्करचं रेडिएटेड कासव जास्वंदीचं फूल खात होतं. काळं घुमटाकार कवच, त्यावरच्या प्रत्येक खवल्याच्या मधोमध पिवळा ठिपका आणि त्यातून चहूकडे फुटलेले पिवळे किरण. अंगणात कुणी ठिपक्यांची रांगोळी काढावी आणि ती उठून चालायला लागावी, तसं. सुंदर होतं, हे मान्य करतो. त्याचे प्रश्न दोनच होते: पैसे किती लागतील आणि दिवस किती लागतील.

मी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. पाकीट भरलं, मग वहीचं पान घेतलं. ते भरता भरता त्याचा चेहरा उतरत गेला आणि शेवटी तो म्हणाला ते वाक्य मी या धंद्यात हजारदा ऐकलंय: "म्हणजे सरळ माणसाला करायचंच नाही ना हे?"

त्याच्या या वाक्यावरच हा लेख आहे. कारण त्यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं खरं वापरून सध्या बरेच लोक चुकीची मागणी करतात: नियम सोपे करा, एक खिडकी करा, फी घ्या आणि परवाना द्या. मला वाटतं, अडथळे काढायचे तर नाहीतच. ते चुकीच्या जागी संपतात, दुखणं ते आहे.

आधी ते अडथळे काय, ते सांगतो.

पहिली गाठ शास्त्रीय नावाची. अर्जात "कासव" लिहून भागत नाही, कारण कुठलं कासव यावर सगळं ठरतं. दुर्मिळ प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा साइटीस नावाचा करार १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये झाला, १९७५ पासून तो लागू आहे आणि १९७६ पासून भारत त्यात आहे. त्याची तीन परिशिष्टं. रेडिएटेड कासव पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात. तिथला नियम असा की आधी आयात करणाऱ्या देशाने परवाना द्यायचा, तो बघून मग निर्यात करणाऱ्या देशाने. हेतू मुख्यतः व्यापाराचा नसावा. आणि एक अट मी त्या मुलाला दोनदा वाचून दाखवली: प्राणी ज्याच्याकडे जाणार त्याच्याकडे तो ठेवायची आणि सांभाळायची योग्य सोय आहे, अशी आयात करणाऱ्या देशाच्या वैज्ञानिक प्राधिकरणाची खात्री पटली पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेलं कलम आहे हे. घरी पोचल्यावर कासवाचं काय होणार, हे त्याच्या बाजूने विचारणारा हा प्रश्न.

बरं, मादागास्करमध्ये या कासवाला १९६० पासूनच कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे तिथल्या जंगलातून उचललेलं कासव सरळ मार्गाने येणं विसराच. मग उरतं साइटीसकडे नोंदवलेल्या पैदास केंद्रात जन्मलेलं पिल्लू. त्याच्या कागदावर एक अक्षर असतं. जंगलातून पकडलेल्याला डब्ल्यू, बंदिवासात पैदास झालेल्याला सी, नोंदणीकृत केंद्रातल्या पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याला डी. एका अक्षरावर लाखोंचा माल इकडचा तिकडे होतो, त्यामुळे या रकान्यात जगभर खोटेपणा होतो. तांदळाच्या पोत्यावर "बासमती" छापणं यापुढे काहीच नाही.

मग आपल्याकडचं. परदेशी जिवंत प्राणी आणायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं ना हरकत पत्र लागतं, आणि ते जोडून परकीय व्यापार महासंचालनालयाकडे, म्हणजे आमच्या भाषेत डीजीएफटीकडे, आयात परवान्याचा अर्ज करावा लागतो. निर्बंध असलेल्या मालाच्या अर्जाचा निर्णय दिल्लीतली समिती करते. तिसरा कागद पशुसंवर्धन खात्याचा, स्वच्छताविषयक आयात परवाना. ज्या कायद्याखाली तो मिळतो तो पशुधन आयात कायदा १८९८ सालचा, टिळकांवरच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्याच्या पुढच्या वर्षीचा. अजून चालू आहे. मग निर्यात करणाऱ्या देशातल्या सरकारी पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र. मग विमान कंपनी, आणि जिवंत प्राण्यांसाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने घालून दिलेल्या मापाचा, हवेशीर, पलटी न होणारा खोका.

इथे एक गंमत आहे, ती नागपूरकरालाच कळेल. अख्ख्या महाराष्ट्राच्या वन्यजीवांचं मुख्यालय आपल्याकडे, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात. मुंबईच्या माणसाला ना हरकतीसाठी इकडे बघावं लागतं. पण कासव काही नागपूरला उतरू शकत नाही. प्राण्यांच्या विलगीकरणाची केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळुरू या सहा ठिकाणी आहेत. आपल्या विमानतळाचं नाव आंतरराष्ट्रीय आहे, पण कासवापुरतं ते देशांतर्गतच. म्हणजे कागद नागपूरला, कासव मुंबईला. तिथे सीमाशुल्कवाले, वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोवाले, विलगीकरणवाले असे तिघे तपासणार, आणि त्यातून सुटल्यावर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरून ते कासव ताशी शंभरच्या वेगाने घरी येणार. ससा यात कुठे बसवायचा ते तुम्ही ठरवा.

पैशांचा हिशेब करताना त्या मुलाला धक्का बसला तो वेगळ्याच ठिकाणी. सरकारी फी हा यातला सगळ्यात किरकोळ आकडा. भारी पडतं ते बाकीचं: खोका, जिवंत मालाचं विमानभाडं, दोन्हीकडचे एजंट, सीमाशुल्क, विलगीकरणातला मुक्काम, कागदात एक चूक निघाली तर वाढलेला मुक्काम, आणि एवढं करून प्राणी वाटेत मेला तर बुडालेलं सगळं. तांदळाच्या कंटेनरचा विमा सकाळी फोन केला की संध्याकाळी होतो. एका कासवाच्या पिल्लासाठी विमा कंपन्या रांगा लावत नाहीत.

आणि हा सगळा घरात पोचेपर्यंतचा खर्च. पुढचा?

२३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. डिसेंबर २०१८ च्या अखेरीला तोच ३.५ पर्यंत उतरला. हे दोन्ही आकडे एकाच शहराचे, आणि कासवाला घाम येत नाही. ते उन्हात जाऊन तापतं आणि सावलीत जाऊन निवतं, दुसरं यंत्र त्याच्याकडे नाही. जंगलात ते झुडपाखाली सरकतं किंवा माती उकरतं. तिसऱ्या मजल्याच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीत उकरणार काय? आपल्याला माहीत आहे ती भिंत. मे महिन्यात रात्री दहाला हात लावला तरी तव्यासारखी लागते. मग आत घ्या, कूलरसमोर. नागपूरचा कूलर म्हणजे वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा. आपल्याला स्वर्ग, पण कोरड्या काटेरी रानातल्या प्राण्याला सतत ओलसर गारव्यात ठेवलं की नाकातून पाणी, तोंडाने श्वास, असं सुरू होऊ शकतं. मग एसी. मग घरात ऊन नाही म्हणून अतिनील किरणांचा खास दिवा, तो दिसायला चालू असला तरी त्यातले किरण काही महिन्यांत मंदावतात म्हणून वेळच्या वेळी बदलायचा. तो नसेल आणि खाण्यात चुना कमी पडला तर हाडं ठिसूळ होतात, कवच मऊ पडतं किंवा त्यावर टेंगळं येतात. ती एकदा आली की जन्मभर राहतात. थंडीत गरम करायची सोय वेगळी. वीज गेली तर इन्व्हर्टर. आणि आजारी पडलं तर दाखवायचं कुठे? सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वन खात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर तिथेच आहे, गोरेवाड्याला वन्यजीवांवर संशोधन चालतं. नागपूर यात बाकीच्या शहरांपेक्षा नशीबवान. पण गल्लीतला कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर कासवाचं रक्त कुठून काढायचं याच विचारात पडतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

हे सगळं किती वर्षं? टोंगाच्या राजघराण्याकडे तुई मलिला नावाचं एक रेडिएटेड कासव होतं. १९६० च्या दशकात ते मेलं तेव्हा त्याचं वय १८८ च्या आसपास मानलं जात होतं. सेंट हेलेना बेटावर जोनाथन नावाचं सेशेल्सचं मोठं कासव आहे, त्याचा जन्म अंदाजे १८३२ चा. तेव्हा नागपुरावर तिसऱ्या रघुजीराजे भोसल्यांचं राज्य होतं.

आता त्याच्या तक्रारीकडे येतो, कारण ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्याचा एक मित्र आहे, त्याच्याकडे दोन परदेशी सरडे आणि एक अजगर. कुठून आले? "माहीत नाही काका, पण पेपर आहे त्याच्याकडे." हा पेपर कसा तयार झाला ते मी सांगतो. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक सूचना काढली. ज्यांच्याकडे साइटीसमधले परदेशी प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करावं. या मुदतीत जाहीर करणाऱ्याला प्राणी कुठून आणला याचा कागद मागितला जाणार नाही. हेतू समजू शकतो. घराघरांत काय आहे हे सरकारला माहीतच नव्हतं, आणि मोजायचं तर आधी भीती काढावी लागते. पण परिणाम काय झाला? बॅगेत मोज्यांत गुंडाळून आलेला प्राणी आणि नियमाने आलेला प्राणी यांच्यात फरकच उरला नाही. उलट पहिल्याच्या मालकाला कमी त्रास झाला. आमच्या धंद्यात याला माल "गोरा" करणं म्हणतात.

त्यानंतर कायदा सुधारला, हेही खरं. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. साइटीसमधले प्राणी आता त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. तोवर आपला वन्यजीव कायदा देशी प्राण्यांपुरता होता आणि परदेशी प्राणी एकदा विमानतळाबाहेर पडला की वन खात्याला त्याला हात लावायला फारसा आधार नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले: पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करा, जन्म कळवा, मृत्यू कळवा, दुसऱ्याला दिला तर कळवा. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यांची पैदास करायची तर वेगळा परवाना. चांगलं आहे. पण तो फॉर्म मी एका परिचितासाठी भरून दिला तेव्हा लक्षात आलं, मालकाची ओळख विचारलीय, प्राण्याची विचारलीय, आणि घर कसलं, हा प्रश्न जेमतेम. तुझ्यानंतर कोण, हा तर दिसलाच नाही. बँकेत दहा हजारांची ठेव ठेवली तरी नॉमिनीचं नाव विचारतात. इथे मालकाच्या दुप्पट जगणारा जीव आहे, आणि वारसाचा रकाना मला सापडला नाही.

दुर्मिळ कासव घरी आणण्याच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास येतो. माझ्या समोरच्या मुलानेही केला: आम्ही पाळू, पिल्लं होतील, जात वाचेल. ऐकायला गोड आहे. पण मादागास्करमध्ये झालं काय ते बघा. तिथल्या बाली उपसागराच्या काठच्या रानात प्लाउशेअर नावाचं कासव आहे. गळ्याखालून कवचाचा एक तुकडा नांगराच्या फाळासारखा पुढे आलेला, म्हणून ते नाव. जंगलात काही शेच उरली होती. मार्च २०१३ मध्ये बँकॉकच्या विमानतळावर सामानाच्या एका बॅगेतून अशी ५४ प्लाउशेअर आणि २१ रेडिएटेड कासवं निघाली. ५४ म्हणजे त्या जातीचा केवढा वाटा, विचार करा. आपले वाघ असे एका बॅगेत मावत नाहीत म्हणून बरं. एप्रिल २०१८ मध्ये तोलियारा शहरातल्या एका घरात सुमारे १०,००० रेडिएटेड कासवं सापडली. न्हाणीघरात, स्वयंपाकघरात, चालायला जागा नाही इतकी, पाणी नाही, अन्न नाही. सोडवल्यावरही पहिल्या काही दिवसांत शेकडो मेली. एवढी कासवं कुणी रश्श्यासाठी साठवत नाही. अशा पिल्लांना गिऱ्हाईक असतं ते दूरच्या शहरांतल्या शौकीन घरांत.

संवर्धनवाल्यांनी शेवटी जो उपाय केला तो वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. ते प्लाउशेअर कासवांच्या कवचावर मोठी अक्षरं आणि आकडे कोरतात. मुद्दाम, दिसेल असं. कवच विद्रूप झालं की शौकिनाला ते नको असतं आणि चोराला भाव मिळत नाही. जीव वाचवायला त्याचं रूप मोडावं लागतं, इतपत आपल्या आवडीने पाळी आणली आहे.

आणि घरी पैदास करून जात वाचवायचं म्हणाल, तर कासवाचं गणित समजून घ्या. ही मोठी कासवं वयात यायलाच पंधरा-वीस वर्षं घेतात. अंडी थोडी, पिल्लं त्याहून थोडी, आणि एक प्रौढ मादी उचलली की पुढची कित्येक दशकं गेली. ज्या माणसाचं भाड्याचं घर दर तीन वर्षांनी आणि नोकरी दर दोन वर्षांनी बदलते, त्याने मी संवर्धन करतो म्हणणं म्हणजे सातारा रोडवर दोन आंब्याची झाडं लावून मी सह्याद्री राखला म्हणण्यासारखं. संवर्धनाची पैदास असते, पण तिला वंशावळीची वही लागते, नर-मादी कुठल्या रानातले ते माहीत असावं लागतं, पिल्लं परत सोडायला जागा लागते. बाल्कनीत यातलं एकही नसतं.

आपण नुसते घेणारेही नाही, लुटले जाणारेही आहोत. आपलं स्टार कासव घ्या. पिवळ्या चांदण्यांचं कवच, हाताच्या पंजात मावणारं पिल्लू. बँकॉक, क्वालालंपूरकडे ते पोत्याने जातं. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने काढलेल्या आकड्यांनुसार सप्टेंबर २००९ ते सप्टेंबर २०१९ या दहा वर्षांत भारतात किमान १,११,३१० कासवं पकडली गेली. आठवड्याला दोनशेच्या वर, आणि ही फक्त पकडलेली. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत स्टार कासव साइटीसच्या पहिल्या परिशिष्टात गेलं. आपल्या कायद्यात ते आता पहिल्या अनुसूचीत आहे. घरात ठेवलं तर तीन ते सात वर्षं कैद. २०१८ च्या नोव्हेंबरात सिंगापूरहून अशी ५१ कासवं विमानाने बंगळुरूला परत आली, तेव्हा केवढ्या परवानग्या लागल्या असतील याचा मी माझ्या डोळ्यांनी अंदाज करतो. जायला एक पोतं लागलं असेल. तिकडच्या कुणा पोरालाही वाटत असेलच की इंडियाचं एक रेअर कासव घरी असावं, आणि तोही त्याच्या काकांना म्हणत असेल, सरळ माणसाला करायचंच नाही ना हे?

विदर्भात तर आणखी एक गिऱ्हाईक आहे. वीस नखांच्या कासवाने नाहीतर मांडूळ सापाने पैशाचा पाऊस पडतो असं मानणारं. दर वर्षी दोन-चार बातम्या येतातच. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून आत जाणारे आपण. जिवंत कासवाची नखं मोजणारेही आपणच. यावर जास्त लिहीत नाही, कारण मूर्खपणावर कायद्याचा उपाय असता तर एव्हाना लागू पडला असता.

आता माझं सांगतो. २००८-०९ ची गोष्ट. मुलगी तेव्हा दुसरीत. एका दुकानातून दोन "लकी कासवं" घेतली. पाच रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी, हिरवी, डोळ्यांच्या मागे लाल पट्टा. दोन्ही मिळून तीनशे रुपये, वर प्लास्टिकचं टब आणि त्यात प्लास्टिकचंच नारळाचं झाड फुकट. दुकानदाराने नाव विचारलं नाही, घर विचारलं नाही. ही किती मोठी होतात असं मी विचारलं तर म्हणाला, "एवढीच राहतात." त्यावर विश्वास ठेवला, ही माझी चूक. एक चार महिन्यांत गेलं. त्याचं कवच दाबलं तर चामड्यासारखं दबायचं, आणि आम्हाला वाटायचं लहान आहे म्हणून मऊ असेल. दुसरं ताटलीएवढं झालं. पाण्याला वास मारायचा, दर दोन दिवसांनी टब बाथरूममध्ये ओतायचा, बायकोशी भांडण. शेवटी एका संध्याकाळी मी आणि मुलीने ते फुटाळा तलावावर नेऊन सोडलं. मुलीने टाटा केला. मला वाटलं पुण्य केलं.

ते रेड इअर्ड स्लायडर होतं, अमेरिकेतलं. तगडं, काहीही खाणारं, थंडी-उन्हाला दाद न देणारं. आपल्या तळ्यांतल्या देशी कासवांचं अन्न, ऊन खायची जागा, सगळं बळकावणारं. युरोपियन संघाने त्याची आयात १९९७ सालीच बंद केली. अमेरिकेत तर १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायलाच बंदी आहे, कारण लहान मुलं ती तोंडाजवळ नेतात आणि साल्मोनेलाने आजारी पडतात. मला हे सगळं नंतर कळलं. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून पाणी घरांत घुसलं, त्या रात्री टीव्ही बघताना माझ्या मनात आलं होतं की या तळमजल्यांवरच्या किती टबांतलं काय काय आता नाग नदीला लागलं असेल.

हे कबुलीजबाब म्हणून लिहीत नाही, मुद्दा म्हणून लिहितोय. माझ्या त्या कासवाच्या वाटेत एकही अडथळा नव्हता. परवाना नाही, फी नाही, प्रश्न नाही, किंमत दीडशे रुपये नग. "एक खिडकी" म्हणतात ती हीच. जे कासव मिळवायला सगळ्यात सोपं होतं तेच सगळ्यात वाईट जगलं, आणि सुटलं तेव्हा दुसऱ्यांना त्रास द्यायला सुटलं. म्हणून नियम सोपे करा म्हणणाऱ्यांना मी विचारतो, सोपं करून बघितलंय की आपण. अजून काय बघायचंय?

माझी मागणी उलटी आहे. अडथळा बंदरावर आणि विमानतळावर संपू नये, घरापर्यंत यावा. पहिल्या परिशिष्टातली कासवं खासगी हौशीसाठी सरळ बंद करा. कागदावर किलकिलं ठेवलेलं दार एजंटांना पोसतं, आणि मी स्वतः त्या जमातीतला असल्यामुळे जबाबदारीने सांगतो. बाकीच्यांसाठी ना हरकत देण्याआधी घर बघा. सत्तर-ऐंशी वर्षं जगून माणसाएवढं वजन गाठू शकणाऱ्या आफ्रिकन सुलकाटा कासवासाठी कुणी घर बघायला का येऊ नये? मोकळी जमीन किती, ऊन कुठून, वीज गेली तर काय, जवळ डॉक्टर कोण.

आणि मुख्य म्हणजे ठेव. मालकाने प्राणी घेतानाच एक रक्कम जमा करावी, जातीच्या आयुष्यमानाप्रमाणे. मालक गेला, कंटाळला, अमेरिकेला गेला, तर प्राण्याचा पुढचा खर्च त्यातून. आज तो खर्च कोण करतं? आपण. सोडलेला, सापडलेला, जप्त झालेला प्रत्येक परदेशी प्राणी शेवटी कुठल्या तरी सरकारी नाहीतर धर्मादाय केंद्राच्या दारात येतो. आपल्याकडची केंद्रं बिबट्यांनी, हरणांनी, मांज्यात अडकलेल्या पक्ष्यांनी आधीच भरलेली असतात. स्थानिक जखमी घारीच्या पिंजऱ्याचे पैसे कुणाच्या तरी विसरलेल्या हौशीवर खर्च होतात. परदेशी कासवाला परत त्याच्या देशात पाठवणं हा आणखी वेगळा, आणि जवळजवळ अशक्य, खर्च. इकडे रानात सोडता येत नाही, तिकडे कुणी घेत नाही. म्हणजे जन्मठेप, आणि भाकरी आपल्या खिशातून.

यावर आक्षेप येईल तो मला माहीत आहे: म्हणजे श्रीमंतांनाच कासव. हो. घोडा, विमान आणि द्राक्षबागही ऐपत असलेल्यालाच मिळते, आणि त्यात कुणावर अन्याय होतो असं मला वाटत नाही. दुर्मिळ कासव पाळणं हा कुणाचा हक्क नाही. ज्याला खरंच कासवाचं वेड आहे त्याला पावसाळ्यात अंबाझरीच्या बाजूला किंवा पेंचच्या कालव्याच्या काठाने हिंडावं लागेल. आपलं देशी मऊ पाठीचं कासव चिखलातून येतं, माणसाची चाहूल लागली की कवचाच्या झडपा ओढून मागचे पाय झाकून घेतं, आणि तुम्ही दहा मिनिटं दम धरून बसलात तर आधी नाक बाहेर काढतं. सोंडेसारखं नाक. फुकट आहे, फक्त उचलायचं नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: एवढं कडक केलं तर लोक चोरूनच आणतील. आणतील. आजही आणतात. पण चोरून आणलेला प्राणी चार वर्षांनी माफीच्या मुदतीत गोरा करून मिळेल ही आशा ज्या दिवशी तुटेल, त्या दिवशी चोरीचा भाव पडेल. प्लाउशेअरच्या कवचावर कोरतात ते याच हिशेबाने. २०२० सारखी सूट पुन्हा निघता कामा नये, आणि निघालीच तर जाहीर केलेला प्राणी विकता येणार नाही, देता येणार नाही, त्याच्या पिल्लांनाही कागद मिळणार नाही, एवढी अट तरी असावी.

त्या रविवारी हे सगळं मी त्या मुलाला इतक्या शब्दांत सांगितलं नाही. वहीच्या पानावर खाली दोन ओळी वाढवल्या. घर: स्वतःचं की भाड्याचं, मोकळी जागा किती. वारस: नाव, वय, सही. म्हटलं, सरकार विचारत नाही, पण तू मला भरून आणून दे, मग पुढचं बघू. पान घडी करून घेऊन गेला.

आठ दिवसांनी त्याचा मेसेज आला. "काका, वारसाचं आईला विचारलं तर ती हसत सुटली. आणि फ्लॅट भाड्याचा आहे ना, मालक मांजरही ठेवू देत नाही."